सायनसवरचं औषध ‘पेशींवर चाललं’ म्हणजे नेमकं काय झालं?

निरगुडी

माझ्या दादाला गेली अकरा वर्षं सायनसचा त्रास आहे. सांगलीत असतो. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढलेलं, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. दोनदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा दीड-दोन वर्षांत मांस परत आलं. हापूसचा वास शेवटचा कधी घेतला ते त्याला आठवत नाही. मागच्या आठवड्यात त्याने मला एक बातमी पाठवली. नाकाच्या पेशींवर प्रयोग केला, प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधाने सूज उतरली, असं त्यात होतं. खाली त्याने विचारलं होतं, "हे तुझंच काम ना? मला कधी मिळेल?"

काम माझ्याच जातीचं आहे. मी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेत नाकाच्या पेशी वाढवते. दादाला फोनवर तासभर समजावलं, तरी मनासारखं सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. अशा बातम्या वाचून आशेने डॉक्टरांकडे जाणारे इथे बरेच असतील.

आधी आजाराबद्दल. नाक चोंदणं, घट्ट शेंबूड, चेहरा जड होणं, वास जाणं हे १२ आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट सायनसदाह म्हणतात. आपल्याकडे समज असा की आत जंतू दडून बसलेत, जोरदार अँटिबायोटिक दिलं की निघून जातील. जंतू असतातही, पण बहुतेकांचं मूळ दुखणं ते नसतं. नाकाच्या अस्तरातली प्रतिकारयंत्रणा पेटलेली असते आणि कारण संपलं तरी विझत नाही. मांस वाढणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये या आगीला इंधन देणारे तीन निरोपे ओळखीचे झाले आहेत : आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३. पेशी एकमेकींना धाडतात ती ही प्रथिनं. त्यांच्या सांगण्यावरून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अस्तरात गर्दी करतात, शेंबूड दाट होतो, अस्तर सुजून द्राक्षाच्या घडासारखं लोंबू लागतं.

आता माझं रोजचं काम. रुग्णाच्या संमतीने नाकाच्या आतून एका बारीक ब्रशने पेशी खरवडून घेतात. त्या आधी पोषक द्रवात वाढवायच्या. मग बारीक छिद्रांचा पडदा तळाला असलेल्या छोट्या कपात त्यांचा थर लावायचा. थर सलग झाला की वरचा द्रव काढून टाकायचा. खालून पोषण, वर मोकळी हवा, म्हणजे पेशींना आपण नाकातच आहोत असं वाटावं. हे जमलं तर तीन-चार आठवड्यांत त्या थरावर सूक्ष्म केस उगवतात आणि हलायला लागतात, सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा. सूक्ष्मदर्शकाखाली वाऱ्यावर भाताचं शेत डोलावं तसं दिसतं. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे, तरी नव्या रुग्णाच्या पेशी पहिल्यांदा हलताना दिसल्या की हातातलं काम थांबतं.

मग या थराला त्रास द्यायचा. खालच्या द्रवात आयएल-१३ घातलं की काही दिवसांत केसवाल्या पेशी कमी होतात, शेंबूड करणाऱ्या वाढतात आणि वर चिकट थर जमतो. थराच्या आरपार विजेला किती अडथळा होतो तेही मोजतो. अडथळा घटला तर पेशींमधले सांधे सैल झाले, नाकाची भिंत गळकी झाली. एवढं झाल्यावर औषध घालायचं आणि काय काय पूर्वपदावर येतं ते बघायचं. बातमीत ‘सूज उतरली’ म्हणतात ते बहुतेक वेळा इथे घडलेलं असतं. त्या कपात सूज नसते. एखाद्या निरोप्याचं प्रमाण घटलेलं असतं.

हे प्रयोग कमी प्रतीचे आहेत, असं मला म्हणायचं नाही. पण त्यांच्यावर किती विसंबायचं हे कळायला मॅक्रोलाइडची गोष्ट सांगते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन ही त्या घराण्यातली अँटिबायोटिक्स. १९८०च्या दशकात जपानमध्ये कुडोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या एका चिवट आजारात एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत, महिनोन्‌महिने दिलं. रुग्ण सुधारले. जंतू मारायला ती मात्रा अपुरी होती, तरी सुधारले आणि त्यांचे सायनसही सुधारले. मग नाकाच्या पेशी कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर, वाढवून पाहिलं, तर ही औषधं आयएल-८ नावाचा निरोप्या दाबतात असं दिसलं. हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारा. ऑस्ट्रेलियात वॉलवर्क यांच्या गटाने २००२ मध्ये रुग्णांच्या नाकाचे तुकडे कल्चरमध्ये ठेवले आणि क्लॅरिथ्रोमायसिनने निरोपे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडसारखेच घटतात असं दाखवलं. म्हणजे अँटिबायोटिक स्टेरॉइडचं काम करतंय!

पण त्याच गटाचं २००४ चं काम मला जास्त मोलाचं वाटतं. औषध थेट तुकड्यांवर घातलं तेव्हा दाहाच्या खुणा उतरल्या. रुग्णांना तेच औषध पोटातून देऊन, आधीचे आणि नंतरचे तुकडे तपासले, तर तो परिणाम दिसला नाही. स्वतःच्याच निकालाला अशी कात्री लावायला धैर्य लागतं.

पुढे २००६ मध्ये त्यांनी ६४ रुग्णांवर रॉक्सिथ्रोमायसिनची नीट चाचणी केली. तीन महिने, रोज १५० मिलिग्रॅम. फायदा दिसला, विशेषतः ज्यांच्या रक्तात आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) कमी होतं त्यांना. २०११ मध्ये युरोपात ६० रुग्णांवर अझिथ्रोमायसिनची चाचणी झाली, त्यात खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं दिसलं नाही. घराणं एक, कल्चरमधला गुण एक, माणसांत मात्र निकाल दोन. माझ्या मते यातलं मोठं कारण हे की कपात कोणाच्या पेशी घातल्या आणि चाचणीत कोणाला घेतलं, हे दर वेळी वेगळं होतं. ‘सायनस’ हा एक आजार नाही. दादाला मी शेवटी हेच सांगितलं. औषध मिळण्याआधी तुझ्या नाकात कोणती आग आहे ते कळू दे.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

घाटमाथा

छान लिहिलंय ताई. एक शंका. माझ्या नाकातल्या पूचं दोनदा कल्चर केलं होतं, रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकॉकस आला. तुम्ही म्हणता ते कल्चर हेच का? तसं असेल तर त्यांनी औषधंही तपासली होती, कोणत्या औषधाला जंतू दाद देतो वगैरे.

निरगुडी

घाटमाथा, फार बरं झालं विचारलंत, शब्द एकच असल्याने घोटाळा होतो. तुमच्या रिपोर्टमधलं कल्चर म्हणजे जंतू वाढवणं. कोणता जंतू आहे आणि तो कशाने मरतो, एवढं त्यातून कळतं. मी म्हणते ते कल्चर तुमच्या स्वतःच्या पेशी वाढवण्याचं. तिथे औषधाने कोणी मरायचं नसतं. पेशी जिवंत राहून शांत व्हायला हव्यात. म्हणून प्रत्येक प्रयोगात औषधाने पेशी मेल्या तर नाहीत ना हे वेगळं तपासावं लागतं. मेलेली पेशीही निरोप पाठवत नाही, आणि कागदावर तो ‘दाह कमी झाला’ असाच दिसतो!

तुमचा स्टॅफिलोकॉकस मात्र या गोष्टीतही आहे. त्याची काही विषं प्रतिकारपेशींना सरसकट भडकवतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसाच्या पेशींवर हे विष घालून दाह पेटवायचा आणि मग औषध तपासायचं, ही आमच्याकडची नेहमीची पद्धत. बेल्जियममधल्या घेंटच्या आणि जपानमधल्या ओकायामाच्या गटांनी यावर बरंच काम केलंय.

सुमन७१

मी शिक्षिका होते, आता निवृत्त. विज्ञानाचं मला फार कळत नाही, पण हळदीवर प्रयोगशाळेत हेच सगळं सिद्ध झालंय असं सतत वाचते. सुनेला सायनस आहे, तिला मी रोज रात्री हळद-दूध देते. ते चालतं का काचेत? आणि चालत असेल तर नाकात का नाही चालणार?

निरगुडी

सुमनकाकू, हळद-दूध द्या, त्याने काही बिघडत नाही. प्रश्न कुर्क्युमिनचा आहे, हळदीतल्या त्या पिवळ्या द्रव्याचा. कल्चरमध्ये ते जवळजवळ प्रत्येक दाहावर चालतं, पेशींच्या आतली एनएफ-कप्पा-बी नावाची भोंग्याची तार दाबतं. पण त्यात तीन अडचणी आहेत. पोटातून ते रक्तात फारच थोडं शिरतं, म्हणजे कपात जेवढं घातलं त्याच्या जवळपासही नाकात पोचत नाही. पोषक द्रवात ते काही वेळातच मोडतं, मग परिणाम नक्की कोणाचा? आणि ते स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या मोजमापांत खोटा गुण दिसू शकतो. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका मोठ्या लेखात हे सगळं तपशिलाने मांडलं गेलं. माझी आजीही सर्दीला हळद उगाळून लावायची, माझ्या मनात त्याबद्दल आदर आहे. सुनेचा नाकातला फवारा मात्र दुधासाठी बंद होऊ देऊ नका.

कान_नाक_घसा

मी सातारा भागात ईएनटी म्हणून काम करतो. निरगुडी यांनी शेवटी जे म्हटलंय त्यावर थोडं लिहितो.

कोणती आग आहे हे कळण्यासाठी प्रत्येकाच्या पेशी वाढवायची गरज नाही. ऑपरेशनमध्ये काढलेलं मांस पॅथॉलॉजीला जातंच. बहुतेक रिपोर्टवर एक ओळ येते, ‘दाहजन्य पॉलिप, कर्करोग नाही’. रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो आणि कागद फाइलीत जातो. पण त्याच काचपट्टीवर इओसिनोफिल मोजता येतात. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये जैविक इंजेक्शनचा (निरोप्यांना अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा) विचार करताना पाहायच्या गोष्टींत हे होतं : मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १० किंवा जास्त इओसिनोफिल, किंवा रक्तात किमान २५०, किंवा एकूण आयजीई किमान १००. रक्ताचे आकडे आपल्याकडे जपून वाचावे लागतात. जंतांनीही इओसिनोफिल आणि आयजीई वाढतात, आणि आमच्या ओपीडीत ते दुर्मीळ नाहीत. काचपट्टीवरचं त्यापेक्षा खरं.

दुसरं म्हणजे आशियातल्या रुग्णांमध्ये इओसिनोफिल नसलेले पॉलिप पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतात. तिकडच्या चाचण्यांचे निकाल आपल्या रुग्णाला लावताना हे लक्षात ठेवावं लागतं.

दर्यावर्दी

डॉक्टर आणि निरगुडी दोघांनाही विचारतो. २०२१ मध्ये माझ्या मेव्हण्याला कोविडनंतर काळी बुरशी झाली होती, सायनसमध्येच. अम्फोटेरिसिन या बुरशीनाशकासाठी आम्ही मडगावपासून कोल्हापूरपर्यंत दुकानं पालथी घातली. तो वाचला. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की सायनस म्हणजे बुरशी. मग जुन्या सायनसला हेच औषध का देत नाहीत?

निरगुडी

दर्यावर्दी, मेव्हणे वाचले हे वाचून खरंच बरं वाटलं. त्या दिवसांत त्या औषधामागे धावलेल्या अनेक घरांच्या गोष्टी ऐकल्या आहेत.

तुमचा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडला होता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने जुनाट सायनसच्या २१० रुग्णांचा शेंबूड तपासला, २०२ जणांत बुरशी सापडली. खळबळ उडाली. पण निरोगी माणसांच्या नाकातही ती सापडली. आपण सगळेच ती श्वासातून घेतो. मग त्यांनी प्रश्न बदलला : बुरशीला शरीर देतं ते उत्तर तर वेगळं नाही ना? २००४ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कल्चरमध्ये ठेवून त्यांवर अल्टरनेरिया या साध्या हवेतल्या बुरशीचा अर्क घातला. रुग्णांच्या पेशींनी आयएल-५ आणि आयएल-१३ भरपूर सोडलं, निरोगी लोकांच्या पेशींनी नाही. इतका स्वच्छ निकाल कोणालाही पटावा. पण नंतर दुसऱ्या गटांना तो तसाच पुन्हा मिळाला नाही. युरोपात ११६ रुग्णांना अम्फोटेरिसिनच्या द्रावणाने १३ आठवडे नाक धुवायला लावलं, निकाल २००६ मध्ये आला. साध्या द्रावणापेक्षा काही फायदा नाही.

मेव्हण्यांचा आजार पूर्ण वेगळा होता. तिथे बुरशी रक्तवाहिन्यांत आणि हाडात घुसते, प्रतिकार कमी पडलेला असतो. दादासारख्यांच्या नाकात प्रतिकार जास्त झालेला असतो. जागा तीच, पण बिघाड उलटे.

कान_नाक_घसा

आणि म्हणूनच स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः मधुमेह असेल तर. २०२१ मध्ये आम्ही जे पाहिलं त्यातलं बरंच स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या संगनमताने झालं होतं. नाकातल्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याची गोष्ट वेगळी, तो फारसा रक्तात जात नाही.

प्राजक्त_ठाणे

निरगुडीताईंचा अझिथ्रोमायसिनचा परिच्छेद वाचून गप्प बसवेना. मला एका ठिकाणी सलग पाच महिने ते दिलं होतं. आयजीई तपासलं नव्हतं, ईसीजी काढला नव्हता. ‘दाह कमी करतं’ एवढंच सांगितलं. फरक पडला नाही, शेवटी कानात शिट्टी वाजायला लागली म्हणून मीच बंद केलं. अजून वाजते, कमी आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी आयजीई काढलं, ४०० च्या वर आलं. म्हणजे ज्यांना फायदा होण्याची शक्यता कमी, त्यांच्यातलीच मी. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर?

निरगुडी

प्राजक्त, वाचून वाईट वाटलं. कानाची तपासणी झाली नसेल तर जरूर करून घ्या, या औषधाचा कानावर परिणाम होऊ शकतो हे नोंदलेलं आहे. हृदयाच्या ठोक्यावरही होऊ शकतो, म्हणून ईसीजी हवा. आणि जंतू सरावतात तो धोका वेगळाच. आमच्या कपात कान नसतो, हृदय नसतं. हा प्रश्न तिथे कधीच कळला नसता.

ओलीवाट

मी पुण्यात पेशींवर काम करतो, नाकाच्या नव्हे. निरगुडींनी ताज्या, माणसाच्या पेशींबद्दल लिहिलंय, पण छापून येणारे कित्येक प्रयोग सेललाइनवर असतात. म्हणजे वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या, बहुधा कर्करोगातून आलेल्या पेशी. नाकाच्या संशोधनात आरपीएमआय २६५० नावाची लाइन खूप वापरतात. तीही नाकाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाकडूनच आली, आणि तिच्यावर ते हलणारे केस उगवत नाहीत. आमच्यासारख्यांना लाइन्स राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात, त्या स्वस्त आणि भरवशाच्या असतात. ताज्या नाकपेशी चार-पाच वेळा वाढवल्या की दमतात. त्यामुळे घाईत लोक लाइन वापरतात. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : पेशी कोणाच्या?

निरगुडी

ओलीवाट, शंभर टक्के. आणि किती जणांच्या? चार-पाच दात्यांच्या पेशींवर केलेलं काम आमच्याकडे सर्रास असतं. एका दात्याच्या पेशी आयएल-१३ने कोलमडतात, दुसऱ्याच्या ढिम्म असतात.

तुमच्या मुद्द्याला जोडून आणखी एक, मला स्वतःला हे उशिरा उमगलं. कपात जे नाही त्यावर चालणारं औषध कपात निकामी दिसतं. ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा सामायिक दरवाजा बंद करतं. तो दरवाजा अस्तराच्या पेशींवर असतो, म्हणून माझ्या कपात त्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो, शेंबडाचा थर जमत नाही. मेपोलिझुमॅब आयएल-५ला पकडतं. त्याचा मुख्य उपयोग इओसिनोफिलवर, आणि ते माझ्या थरात नसतातच. फक्त माझ्या कपावरून ठरवलं असतं तर मेपोलिझुमॅब टाकून दिलं असतं. प्रत्यक्षात २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला पॉलिपसाठी मान्यता मिळाली.

घाटमाथा

ते ड्युपिलुमॅब भारतात घेणारं कोणी आहे का इथे? ऐकलंय की खर्च झेपणारा नाही, आणि जन्मभर घ्यावं लागतं.

कान_नाक_घसा

माझे दोन रुग्ण घेतात, दोघांनाही दमाही आहे. खर्च जड आहे हे खरं. २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकत्र आले, मिळून ७२४ रुग्ण. पॉलिपचा आकार, चोंदणं, वास, सगळ्यांत स्पष्ट फरक. कल्चरमधली कल्पना माणसात इतकी उतरलेली क्वचित दिसते. पण एका चाचणीत २४ आठवड्यांनी इंजेक्शन थांबवलं, तेव्हा त्रास हळूहळू परत येऊ लागला. म्हणून मी कोणालाही ‘कोर्स’ म्हणून देत नाही. ऑपरेशन, फवारा, मिठाच्या पाण्याने रोज नाक धुणं हे सगळं नीट करून झाल्यावरच तो विषय काढतो. धुताना पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

निरगुडी

त्रास परत का येतो यावरही पेशींनीच उत्तर दिलं. २०१८ मध्ये बॉस्टनच्या गटाने पॉलिपमधल्या तळाच्या पेशी तपासल्या, ज्यांच्यापासून बाकीचं अस्तर नव्याने तयार होतं. शरीराबाहेर वाढवल्यावरही त्या पेशी आयएल-४ आणि आयएल-१३ची आठवण धरून होत्या. भडकवणारं कोणी नसताना! म्हणजे मांस कापलं तरी खालची जमीन तीच राहते. एका रुग्णात ड्युपिलुमॅबनंतर या पेशी थोड्या निरोगी बाजूला सरकलेल्या दिसल्या. एकच रुग्ण, त्यामुळे जपून. पण दादाचं मांस दोनदा का परत आलं हे मला ते वाचून पहिल्यांदा पटलं. तोवर मी त्यालाच बोलत असे, फवारा चुकवतोस म्हणून.

सुमन७१

निरगुडी, सुनेची फाइल काढून पाहिली. २०२२ मध्ये ठाण्यात ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीच्या कागदावर डॉक्टरांनी म्हटली तीच ओळ आहे, दाहजन्य पॉलिप. इओसिनोफिलचा आकडा नाही. आता मांस तर फेकून दिलं असणार.

कान_नाक_घसा

सुमनताई, फेकत नाहीत. तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो लॅबमध्ये कित्येक वर्षं जपलेला असतो. रिपोर्टवरचा नंबर घेऊन जा आणि ‘इओसिनोफिल मोजून द्या’ म्हणून विनंती करा. जुनी काचपट्टी असेल तर नवीन कापावीही लागणार नाही. ऑपरेशनच्या आधी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या का तेही विचारून घ्या. त्याने आकडा कमी दिसतो.

निरगुडी

डॉक्टर, मनापासून आभार. हे दादाला आत्ताच कळवलं. त्याची दोन्ही ऑपरेशनं मिरजेत झाली होती.

सुमन७१

सुनेने लॅबला फोन केला. ब्लॉक आहे म्हणाले. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस गोळ्या होत्या, हे तिच्या डायरीत सापडलं. सोमवारी आम्ही दोघी जातोय.